तिसरा ठोका

थोरली आणि धाकटी या दोन सख्ख्या बहिणींबद्दल आमच्या गल्लीत कुणालाही विचारलंत, तर तो माणूस आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "त्यांचं काय विचारता, छत्तीसाचा आकडा!" आता कुणी हसत नाही. मी शिंपी आहे. माझं दुकान त्यांच्या घरांच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. मशीनवर बसलं की शिंप्याची मान खाली असते, पण डोळे समोरच्या दारांवर असतात. त्यामुळे त्या दोघींचं भांडण मी जितकं पाहिलं तितकं त्यांच्या नवऱ्यांनीही पाहिलं नाही. ते बिचारे आधीच सुटले.

आमचा हा भाग पूर्वी शहराबाहेर होता. शहराला बाटल्या हव्या होत्या, बाटल्या करणाऱ्या भट्टीचा धूर नको होता, म्हणून काचेचा कारखाना इकडे नाल्याकाठी आणून टाकला. मग शहर वाढत वाढत आलं आणि आम्हाला वळसा घालून पुढे निघून गेलं. आता आम्ही शहराच्या पोटात आहोत, पण शहराला अजून पचलेलो नाही. इथे कुठेही हातभर खणा, काचेचे तुकडे निघतात. हिरवे, तपकिरी, कडा झिजलेले. बाहेरून आलेल्या माणसांना ते सुंदर वाटतात. आमच्या पायांना विचारा.

कारखान्याने कामगारांसाठी सात घरं बांधली होती. एका रांगेत, भिंतीला भिंत लावून. भिंती तरी कसल्या, एकेरी विटेच्या. या घरात कुणी शिंकलं तर त्या घरातून "सर्दी झाली का हो?" अशी चौकशी व्हायची. रांग सरळही नव्हती. नाला वळत होता तशी घरंही वळली होती, त्यामुळे पहिल्या घराच्या खिडकीतून बाकीच्या घरांच्या खिडक्या दिसायच्या. ही खिडकी जरा ध्यानात ठेवा.

पहिल्या घरात बॉयलरवाला राहायचा. बॉयलर पेटवायला त्याला सगळ्यांच्या आधी जावं लागे, म्हणून कारखान्याने गजराचं घड्याळ त्याला एकट्याला दिलं होतं. सकाळी गजर झाला की तो आपला मोठा पाना उचलायचा आणि शेजारच्या भिंतीवर दोन ठोके द्यायचा. शेजारचा उठून आपल्या पलीकडच्या भिंतीवर दोन ठोके द्यायचा. असे ते ठोके घराघरातून सरकत टोकाच्या घरापर्यंत पोचायचे, आणि टोकाच्या घरातली बाई खिडकीची एक झडप उघडायची. ती उघडलेली दिसली की बॉयलरवाल्याला कळायचं, रांग उठली. मग तो कामावर जायचा.

कारखाना बंद पडला. घड्याळही पुढे कधीतरी बंद पडलं असेल. ठोके मात्र बंद पडले नाहीत. आता उठून जायचं कुठे, हा प्रश्नच होता, पण सकाळ झाली की भिंत वाजायचीच. फक्त तिचा अर्थ बदलला. पूर्वी ठोका म्हणजे "उठा", आता ठोका म्हणजे "आहे मी". ठोका आला की पुढे द्यायचा. नाही आला तर आपण ठोकायचं नाही, उठून शेजारी जाऊन बघायचं. हा नियम कुणी कुणाला शिकवला नाही. त्या घरांत वाढलेल्यांना तो आपोआप यायचा, जसं उंबऱ्याला ठेच न लागता अंधारात चालणं येतं तसा. या नियमामुळे चौथ्या घरातला एक म्हातारा न्हाणीघरात पडलेला वेळेत सापडला होता. पुढे कैक वर्षं जगून त्याने सगळ्यांना वैताग दिला, ती गोष्ट वेगळी.

तर थोरली या बॉयलरवाल्याची बायको. तिनेच आपल्या धाकट्या बहिणीचं लग्न तिसऱ्या घरातल्या काच फुंकणाऱ्याशी जमवलं. धाकटी आली तेव्हा पोरसवदा होती. भट्टीचा आवाज, भिंतीतून येणारे परक्यांचे आवाज, शिफ्टला गेलेला नवरा, याने तिचा जीव घाबरा व्हायचा. मग थोरलीने एक युक्ती काढली. सकाळचे दोन ठोके देऊन झाले की ती नवऱ्याच्या हातातून पाना घ्यायची, जरा थांबायची आणि तिसरा ठोका द्यायची. "दोन ठोके रांगेचे, तिसरा आपल्या दोघींचा," असं तिने धाकटीला सांगून ठेवलं होतं. मधल्या म्हणजे दुसऱ्या घरात भट्टीवाला राहायचा. तो कुरकुरायचा, "तुमच्या लाडांसाठी माझ्या हाताला काम." पण द्यायचा पुढे. तिसरा ठोका आला की धाकटी आपल्या खिडकीच्या एका नाही, दोन्ही झडपा उघडायची, आणि थोरली पहिल्या घरातून ते बघून खूश व्हायची. दोघी दिवसभरात चारदा एकमेकींकडे जायच्या, तरी हा सोहळा रोज लागायचाच.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. काच फुंकून फुंकून धाकटीच्या नवऱ्याची छाती निकामी झाली आणि तो गेला. धाकटीला मूलबाळ नव्हतं. बॉयलरवालाही गेला. थोरलीचा मुलगा परदेशी गेला आणि फोनपुरता उरला. धाकटी कारखान्याच्या पॅकिंगमध्ये बाटल्या गवतात गुंडाळायची, ते काम सुटल्यावर ती माझ्याकडे काजं करू लागली. हाताने केलेली काजं. तिच्यासारखं काज मी कुठल्या मशीनचं पाहिलेलं नाही आणि हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण ती लगेच म्हणायची, "मग लवकर का देत नाहीस कपडे?"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. पलीकडची चार घरं पाडली. चौथं ते सातवं. धाकटीचं घर तिसरं होतं, ते टोकाचं झालं. तिच्या पलीकडच्या भिंतीला शेजारणीच्या स्वयंपाकघराचा निळा रंग तसाच राहिला, फळीच्या खुणा राहिल्या, एक खुंटीही राहिली, आणि हे सगळं उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या धुळीत. ती भिंत बाहेर राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पाऊस आत झिरपायचा, ओल धरायची, आणि धाकटी उशी दुसऱ्या बाजूला घेऊन झोपायची.

घरं पाडायचं काम चालू होतं त्याच दिवसांत त्यांची आई गेली.

आई थोरलीकडे होती. अंथरुणाला खिळलेली. एके दुपारी तिचं बिनसलं आणि ती गेली. धाकटी त्या वेळी आपल्या घरात, मधलं एक घर सोडून, माझ्याच शर्टांची काजं करत बसली होती. संध्याकाळी ती रोजच्यासारखी आईकडे गेली, तेव्हा आईच्या अंगावर चादर ओढलेली होती.

"मला बोलावलं का नाहीस?"

"ठोकलं," थोरली म्हणाली. "किती ठोकलं."

"खोटं. मला काही ऐकू आलं नाही."

मधलं घर त्या दुपारी बंद होतं. भट्टीवाला आणि त्याची बायको पाडलेल्या घरांतली लाकडं बघायला गेले होते. बाहेर यंत्रं रस्ता फोडत होती. धुळीमुळे मीही दुकानाची फळी ओढून घेतली होती. हे सगळं धाकटीला सांगून झालं. पण ती ऐकायला तयार नव्हती.

"चार पावलांवर माझं घर. यायला पाय मोडले होते?"

"आईने हात धरून ठेवला होता माझा. सोडवून येऊ?"

"मग तूच एकटी लेक तिची. ठेव तिचा हात."

थोरलीचा स्वभाव असा की राग आला की तोंडाला कुलूप. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर दोनच ठोके आले. धाकटीने एकच झडप उघडली. झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं तीन घरांच्या त्या रांगेत दोन ठोके जायचे आणि एक झडप उघडायची. रस्त्यात समोरासमोर आल्या तर एक जण चप्पल दुरुस्त करायला वाकायची. मी दोघींनाही बोलून पाहिलं. थोरली म्हणायची, "तिने यावं." धाकटी म्हणायची, "तिने कबूल करावं." मला दोघींचाही संताप यायचा. एवढ्या मोठ्या जगात या दोघींना एकमेकींशिवाय कुणी उरलेलं नव्हतं आणि त्या खिडक्यांच्या झडपा मोजत बसल्या होत्या.

भट्टीवाला आणि त्याची बायको गेल्यावर मधलं घर भाड्याने दिलं गेलं. तिथे बेकरीवाला आला. पन्नाशीचा, एकटा, गोल चेहऱ्याचा माणूस. रात्रभर पीठ मळायचा आणि दिवस उजाडताना घरी यायचा तो भुवयांवर पीठ घेऊनच. सगळ्यांशी गोड. त्याची आई त्याच्या गावी त्याच्याविना वारली होती, हे त्याने मला पहिल्याच भेटीत, पँटचं माप देता देता सांगितलं. त्याला पहिल्या दिवशी भिंत वाजलेली ऐकून उंदीर वाटले होते. मग धाकटीने त्याला समजावलं, "दोन ठोके आले की माझ्या भिंतीवर दोन दे. एवढंच काम." त्याला ते फार आवडलं. पाना नव्हता, तो बोटांच्या पेरांनी ठोकायचा. ठोका आला नाही तर काय करायचं, हे धाकटीने त्याला सांगितलं नाही. ते सांगावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

एकदा त्याच्या कोटाचं बटण लावून देताना तिने त्याला तिसऱ्या ठोक्याची गोष्टही सांगितली. म्हणाली असेल सहज. पण त्या माणसाने ती मनात धरली.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी मी दुकान उघडतोय तोच धाकटी आली. हातात काम नव्हतं. स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"भाऊ, आज तीन आले," ती म्हणाली.

"तीन काय?"

"ठोके."

मी समोर पाहिलं. तिच्या खिडकीच्या दोन्ही झडपा उघड्या होत्या. किती वर्षांनी पाहत होतो कोण जाणे. डावी झडप नीट उघडतही नव्हती, बिजागरी गंजली होती, तरी तिने ती भिंतीला टेकवून वीट लावून ठेवली होती.

"मग जा की," मी म्हणालो.

"लगेच? लोक काय म्हणतील, वाटच बघत होती."

"वाटच बघत होतीस."

"तुझं तू मशीन चालव." पण तिचा चेहरा खुलला होता, ते तिला लपवता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "ते गरम कापड उरलंय ना तुझ्याकडे, राखाडी? त्याचं अक्काला जाकीट कापून दे. काजं मी करते. बटणं मोठी लाव. खिडकीतून दिसते मला, तिची बोटं आखडलीत, लहान बटण लागत नाही तिला."

तोंड बघत नाही म्हणणाऱ्या या बाईने बहिणीची बोटं इतक्या लांबून बघून ठेवली होती.

मी जाकीट कापलं, शिवलं, तिच्या हातात दिलं. रोज सकाळी तीन ठोके येत राहिले, रोज दोन्ही झडपा उघडत राहिल्या. आणि पहिल्या घराच्या खिडकीतला जाळीचा पडदा अर्धा सरकलेला दिसू लागला. थोरली तिथे खुर्ची ओढून बसू लागली होती. मी मनात म्हटलं, चला, मरण्याआधी या दोघींना अक्कल आली.

मग एक दिवस सगळ्या भागाचं पाणी बंद झालं. मोठा नळ फुटला होता. माझ्या दुकानामागे पिंप भरलेलं असतं, तिथे धाकटी कळशी घेऊन आली. त्या दिवशी ती वेगळीच होती. आवाज खाली आणून बोलत होती.

"आजचा तिसरा वेगळा होता."

"म्हणजे?"

"दोन आले. मग थांबला. मला वाटलं, आज नाही. आणि मग आला. अक्का असाच द्यायची. मुद्दाम थांबायची, मला चिडवायला." तिचे डोळे भरले होते. "आज जावं म्हणतेय."

"जा. आत्ता जा. कळशी राहू दे इथे."

ती निघालीही होती. दुकानाच्या पायरीवरून परत फिरली.

"अशी पारोशी कशी जाऊ रे? केस बघ. तोंडावर पाणी नाही पडलेलं सकाळपासून. इतक्या वर्षांनी बहिणीच्या घरात पाऊल टाकायचं, ते जरा न्हाऊन-धुऊन, स्वच्छ कपडे घालून. आणि एक काज राहिलंय अजून."

मी हसलो. त्या दुपारी पाण्याचा टँकर येणार म्हणून लोक दारात उभे होते. थोरलीही आपल्या दारात बादली घेऊन उभी होती. तिने धाकटीच्या खिडकीकडे बघून घेतलं, दोनदा. मी मशीनवरून हे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलो.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं, तेव्हा माझ्याकडे लग्नाच्या कपड्यांची घाई होती आणि मी धाकटीच्या गळ्यात शर्टांचा गठ्ठा घातला. ती म्हणाली, ठोके येताहेत ना, मग घाई काय. रोज येताहेत. छान येताहेत. आता थोरली रोज खिडकीत बसलेली असायची. येणारे-जाणारे सगळे बघायचे. धाकटीने तर एकदा आपल्या खिडकीतून हात हलवला. थोरलीने हलवला नाही. "अजून थोडा ताठा आहे," धाकटी मला म्हणाली. "असू दे. मोठी आहे."

शेवटी एका सकाळी ती न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून, जाकिटाची घडी हातावर घेऊन निघाली. मी मशीन थांबवून बघत राहिलो. कुणाचं तरी भलं होताना बघायला मिळणं हे आमच्या रस्त्यावर रोज होत नाही. तिने थोरलीचं दार वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. मग खिडकीपाशी जाऊन काचेला कपाळ लावून आत पाहिलं, काहीतरी बोलली. बराच वेळ तिथे उभी राहिली. आणि तरातरा रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. जाकीट तिने कापायच्या टेबलावर फेकलं.

"बसलीय खिडकीत! पडद्याआड बसलीय आणि उठत नाही. मी हाक मारली, अक्का म्हणून हाक मारली मी! मान वळवली नाही तिने. मला दारात उभं करायचं होतं तिला. रस्त्यावर शोभा करायची होती माझी. त्यासाठी तीन ठोके!"

"झोप लागली असेल बसल्या बसल्या."

"झोप? सकाळीच ठोकलंय तिने. तीन वेळा! दिवा लावून बसलीय राणी."

दिवा. मी समोर पाहिलं. ऊन रस्त्यावर आलं होतं आणि थोरलीच्या खोलीत, पडद्यामागे, विजेचा पिवळा दिवा जळत होता. थोरली म्हणजे उजाडायच्या आधी दिवा मालवणारी बाई. तिने दिवसा दिवा जाळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि मग मला आठवलं की काल संध्याकाळीही ती तशीच बसली होती, मान जराशी डावीकडे. परवाही डावीकडेच.

धाकटीला मी "बस इथे," एवढंच म्हणालो आणि रस्ता ओलांडून मधल्या घराचं दार धाडधाड वाजवलं. बेकरीवाला डोळे चोळत बाहेर आला. कानात कापसाचे बोळे होते, दिवसा झोपायचा म्हणून.

"आज थोरल्या बाईंनी ठोकलं?"

त्याने एका कानातला बोळा काढला.

"ठोकलं का नाही, सांग!"

"नाही," तो म्हणाला. "मी दिले."

"काल?"

"कालही मीच." त्याचा गोल चेहरा उतरत गेला. "काय झालं? त्या तिथेच आहेत की. कामावरून येताना रोज दिसतात खिडकीत. मी मान लववून पुढे येतो."

मागे वळून पाहिलं तर धाकटी तिथे उभी होती. बस म्हटलेलं तिने कधी ऐकलं होतं? तिने हे सगळं ऐकलं.

दार मी आणि बेकरीवाल्याने मिळून फोडलं. थोरली खुर्चीत होती, खिडकीशी. मांडीवर पाना. पडदा हाताने सरकवलेला, हात तसाच खाली आलेला. थंडीने खोली बर्फ झाली होती म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं नाही, नाहीतर केव्हाच कळलं असतं. समोर काचेतून धाकटीची खिडकी दिसत होती, दोन्ही झडपा उघडलेली. डावीला टेकवलेली वीटसुद्धा दिसत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. ते असंच सांगतात. दिवस किती झाले ते त्यांनी सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही.

धाकटी रडली नाही. बहिणीजवळ गेली, तिच्या मांडीवरचा पाना उचलून बाजूला ठेवला आणि खोलीभर बघत राहिली. आईच्या मरणानंतर तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी तिचं लक्ष चादरीवरून हललं नव्हतं. आईची खाट तिथेच होती, मधल्या घराच्या भिंतीला लावलेली. खाटेच्या उशाशी भिंतीचा गिलावा फुटलेला होता. हातभर. सकाळच्या ठोक्यांची जागा वेगळी होती, दाराजवळ, तिथे नुसता गुळगुळीत खड्डा पडला होता. इथे गिलावा उडून आतली वीट उघडी पडली होती आणि वीटही तडकली होती. थोरलीने ते कधी बुजवून घेतलं नव्हतं. कुणाला दाखवलंही नव्हतं. बोलावल्याशिवाय दाखवणार तरी कुणाला?

धाकटीने त्या फुटक्या जागेवर हात ठेवला. "बडवलंय," ती म्हणाली. "भिंत फोडायची बाकी ठेवलीय." आणि मग तिथेच, आईच्या खाटेच्या कडेवर बसली. तिला उठवायला मला आणखी दोन बायका बोलवाव्या लागल्या.

थोरलीला पोचवून आलो. मुलगा येऊ शकला नाही. जाकीट धाकटीने तिच्या अंगात घातलं होतं, सगळी बटणं लावून. बटणं मोठी होती, पटकन लागली.

बेकरीवाला त्या दिवसांत कामावर गेला नाही. दार लावून बसून असायचा. गल्लीतल्या लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. मलाही त्याची मान धरावीशी वाटली होती आणि खरं सांगतो, मला त्याची कीवही येत होती. शेवटी धाकटीनेच मला सांगितलं, "त्याला घेऊन ये. मला एक विचारायचंय."

तो आला आणि तिच्या दारातच उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"मावशी, मी चांगल्यासाठी केलं," तो म्हणाला. "तुम्ही ती तिसऱ्या ठोक्याची गोष्ट सांगितलीत ना. मला वाटलं, दोघी एकट्या, एक ठोका जास्त दिला तर काय बिघडलं? त्यांचे दोन यायचे, त्यात मी एक घालायचो. तुमच्या झडपा उघडल्या. त्या खिडकीत येऊन बसायला लागल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू."

"म्हणजे तीन तिचे नव्हतेच," धाकटी म्हणाली.

"नव्हते."

"एकही नाही?"

बेकरीवाल्याने डोळे पुसले. "एकदा होता. एकदा त्यांनी स्वतः तीन दिले. दोन दिले, मी माझा तिसरा द्यायला हात उचलला, आणि तेवढ्यात तिकडून तिसरा आला. थांबून आला. मी तसाच्या तसा पुढे दिला, तसाच थांबून. त्या दिवशी मी काही घातलं नाही, मावशी, शपथ. मला वाटलं, आता माझी गरज नाही. आणि दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. मी बराच वेळ भिंतीशी उभा राहिलो. म्हटलं, थंडी आहे, झोपल्या असतील. आत्ता कुठे जुळतंय, त्यात खंड नको. म्हणून दिले मी. मग रोजच देत राहिलो."

बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते आणि धाकटीच्या त्या उघड्या पडलेल्या भिंतीतून सगळी खोली हादरत होती.

"कुठला दिवस होता?" तिने विचारलं. "तिचा होता तो."

त्याचं उत्तर मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, तरी तिने विचारलं. त्याने सांगू नये असं मला वाटलं, मी त्याच्या खांद्यावर हातही ठेवला, पण त्या भल्या माणसाला खोटं बोलायचं तेव्हा सुचलं नाही.

"पाणी बंद होतं ना, तो."

धाकटीने मान हलवली. मग माझ्याकडे वळून, एखादी साधी गोष्ट पटवून द्यावी तशी ती म्हणाली, "पारोशी होते रे मी त्या दिवशी."